शिडी (कामाच्या ठिकाणची)

शिडी : दोन उभ्या दांड्यांमध्ये सारख्या अंतरावर आडव्या पायऱ्या बसवून केलेले, चढण्या-उतरण्याचे साधन. कारखाने, गोदामे, बांधकामे, जहाजे, वीजवाहिन्यांची कामे अशा ठिकाणी ती रोज लागते. शिडी ही मुळात वाट आहे, उभे राहून काम करण्याची जागा नव्हे; सुरक्षेचे बहुतेक नियम या भेदातून निघतात. दोन्ही हात गुंतणारे, वेळखाऊ किंवा जड वस्तू पेलण्याचे काम असेल तर परांची हवी. ती बांधण्याचा खर्च टाळायला ‘दोन मिनिटांचे तर काम’ म्हणत शिडी लावली जाते.

टेकवून लावायची सरळ शिडी सर्वांत साधी आणि सर्वांत फसवी. तिला स्वतःचा तोल नसतो, म्हणून कोन महत्त्वाचा. शिडी चार मीटर उंचीवर टेकत असेल तर तिचे पाय भिंतीपासून एक मीटर दूर ठेवतात. चारास एक हे प्रमाण अनेक देशांत मान्य आहे. त्याने जमिनीशी सुमारे ७५ अंशांचा कोन होतो. याहून उभी लावल्यास चढणारा शिडीसकट मागे कलंडू शकतो, पसरट लावल्यास पाय सरकतात. पाय सरकवणारा आडवा जोर माणूस वर जाईल तसा वाढतो. पहिल्या पायरीवर उड्या मारून शिडी ‘पक्की’ ठरवण्याची पद्धत म्हणूनच कुचकामी आहे. तीच शिडी शेंड्याजवळ निसटू शकते. ६० अंशांवर हा जोर ७५ अंशांच्या मानाने दुपटीहून अधिक भरतो. गुळगुळीत फरशी किंवा सांडलेले तेल असेल तर शिडीच्या पायांना बसवलेल्या नुसत्या रबरी बुटांवर भिस्त न ठेवता शिडी वरून बांधावी लागते. खाली धरायला माणूस ठेवणे हा दुय्यम उपाय; त्याला मध्येच चहा आणायला पिटाळतात, हेही कामावर नेहमीचेच. छतावर जायचे असल्यास शिडी कडेच्या वर सुमारे एक मीटर निघालेली हवी, म्हणजे पाय टाकताना हाताला आधार राहतो.

सरकत्या शिडीत एकावर एक दोन भाग असतात. ते पुरेसे एकमेकांवर राहिले पाहिजेत आणि वरचा भाग जागी धरणारी अडकवण बसल्याची खात्री चढण्याआधी करावी लागते.

घडीची शिडी, म्हणजे रंगाऱ्यांचा घोडा, आपल्या पायांवर उभी राहते. तिच्या दोन्ही बाजू पूर्ण उघडून मधल्या पट्ट्या ताणलेल्या असाव्यात. मिटवून भिंतीला टेकवणे चूक. माथ्यावर आणि त्याखालच्या पायरीवर उभे राहत नाहीत, कारण तेथे गुडघ्याला टेकण्यासारखे काही उरत नाही. बाजूला झुकून भिंत ड्रिल करताना ही शिडी आडवी होते. खाली उतरून ती सरकवण्याचा कंटाळा नडतो. माथ्यावर उभे राहायला सपाट जागा आणि कठडा असलेली फलाटाची शिडी गोदामात अधिक बरी. चाकांच्या शिडीला ब्रेक लावल्याशिवाय चढू नये. एक-दोन पायऱ्यांचे ठोकळे कमी उंचीसाठी असतात; प्रत्यक्षात त्यांच्या जागी प्लास्टिकची खुर्ची दिसते.

साहित्यानेही निवड ठरते. ॲल्युमिनियम हलके, पण विजेचे वाहक; वायरमनला फायबरग्लासची शिडी योग्य. सुका बांबू वीज फारशी वाहू देत नाही, पण पावसात भिजला की तो भरवसा संपतो. लाकडी शिडीला ऑइलपेंट देत नाहीत, कारण रंगाखाली तडे झाकले जातात. पारदर्शक वॉर्निश चालते.

भारतात शिड्यांच्या सुरक्षित वापरासाठी भारतीय मानक ३६९६ चा दुसरा भाग (१९९१) आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ मध्ये जिने व ये-जा करण्याच्या वाटा भक्कम ठेवण्याची आणि पडण्याचा धोका असलेल्या उंचीवर संरक्षणाची तरतूद केली गेली. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने हा कायदा सामावून घेतला.

टाक्या आणि चिमण्यांवर कायम जडवलेल्या उभ्या शिडीभोवती पूर्वी लोखंडी पिंजरा पुरेसा मानत. पिंजरा पडणाऱ्याला थांबवत नाही, वाटेत आपटवतो मात्र. अमेरिकेत २०१८ नंतर बसवलेल्या, २४ फुटांहून उंच अशा शिड्यांना म्हणूनच पिंजऱ्याऐवजी पडणाऱ्याला रोखणारी यंत्रणा आवश्यक ठरली. जहाजाला बंदरात वाट दाखवायला त्यावर चढणाऱ्या पायलटची दोरशिडी हा वेगळाच प्रकार. मुंबई किंवा न्हावाशेवाला येणाऱ्या जहाजांनाही लागू असलेल्या सोलास या समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार पाण्यापासून चढण ९ मीटरपेक्षा जास्त असेल, तर एकट्या दोरशिडीवर न विसंबता तिला जहाजाच्या तिरप्या जिन्याची जोड द्यावी लागते.