जुना पेट्रोल ट्रॅक्टर आणि अनलेडेडची भीती : पार्श्वभूमी

अनलेडेडवर, म्हणजे शिसं नसलेल्या पेट्रोलवर, जुना ट्रॅक्टर चालवला तर इंजिनचे व्हॉल्व आत बसतात, आधी हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडून कडक सीट (व्हॉल्व जिथे टेकतो ती कडी) घालून घ्या, हा सल्ला गोव्यात अजून मिळतो. डिझेलवाल्यांना हा प्रश्नच नाही, पण आजोबांच्या वेळचा पेट्रोल-रॉकेलवाला ग्रे फर्ग्युसन ज्यांनी जपलाय ते उगाच घाबरतात.

पेट्रोलात शिसं घालून विकायला अमेरिकेत १९२३ साली सुरुवात झाली, कारण होतं नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकणं. एक्झॉस्ट व्हॉल्वच्या सीटवर शिशाचा थर बसून तापलेलं लोखंड लोखंडाला चिकटत नाही, हा वरचा फायदा. आपल्याकडे एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांत अनलेडेड आलं, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नव्या गाड्यांसाठी, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेवढंच उरलं. शिसं पोरांच्या मेंदूवर परिणाम करतं, ते गेलं हे चांगलंच झालं.

आता सीटचं. सीट झिजते ती इंजिन बराच वेळ जास्त आरपीएमवर आणि लोडवर तापत राहिलं तर, म्हणजे हायवेवरच्या मोटारीसारखं. वायंगणाच्या (उन्हाळी भाताच्या) चिखलणीला लोड असतो हे खरं, पण हे इंजिन साधारण दोन हजार आरपीएमच्या आतलंच, कॉम्प्रेशनही कमी, आणि १९४९ पासून तर याच ट्रॅक्टरचं रॉकेलवर चालणारं मॉडेल निघालं होतं, त्या रॉकेलात शिसं नव्हतंच! मग शिशाशिवाय हे इंजिन मरतं असं कसं म्हणायचं? रॉकेलचा खरा त्रास वेगळा, थंड इंजिनात ते न जळता खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं, म्हणून स्टार्ट पेट्रोलवर, मग इंजिन तापलं की रॉकेल. सीटसाठी टॅपेटचा गॅप (व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) बघत राहा, एक्झॉस्टचा गॅप परत परत कमी होत असेल तर सीट बसतेय, तेव्हा हेड काढा. नुसत्या भीतीपोटी जुन्या बिडाच्या हेडला मशीन लावू नका, पाण्याच्या जागेपाशी तडा गेला तर दुसरं हेड आणायचं कुठून?

काळजी करायची ती इथेनॉलची. पेट्रोलात १० टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य देशात जून २०२२ मध्ये गाठलं, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्केवालं काही पंपांवर सुरू झालं आणि आता बहुतेक सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपला पावसाळा म्हणजे चार महिने नुसती ओल, उभ्या ट्रॅक्टरच्या टाकीत पाणी खाली बसतं आणि टाकी गंजते. जुनी रबरी नळी फुगते, कार्ब्युरेटरमध्ये कचरा जमतो. वापर नसेल तर मिरग लागायच्या आत टाकी, फिल्टरची वाटी, कार्ब्युरेटर सगळं रिकामं करून ठेवा, नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घाला. कॉर्कची पॅकिंगं सुकून गळायला लागतात, ती पण त्याच वेळी बदलून टाका.