गेमपॅडची निवड (संगणकासाठी)

गेमपॅड : दोन्ही पंजांत धरून अंगठे आणि पहिली दोन बोटे यांनी चालवायचे, गेम खेळण्याचे साधन. ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी घरांत त्याला आजही सर्रास ‘रिमोट’ म्हणतात. 1990 च्या दशकात टीव्हीला जोडायचे, कॅसेट घालून खेळायचे जे व्हिडिओ गेम घरोघरी आले, ते बहुतेक निन्टेन्डोच्या 1983 मधल्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. त्याच्या वायरवाल्या पट्टीला मुले रिमोट म्हणत. ती मुले आता आईबाप झाली, शब्द मात्र टिकून आहे. दुकानात ‘गेमपॅड’ किंवा ‘कंट्रोलर’ म्हणून विचारावे. ‘जॉयस्टिक’ म्हटले की विमानाच्या गेमचा उभा दांडाही पुढे येऊ शकतो.

आजच्या पॅडवरची मांडणी पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने जमत गेली. अधिकच्या चिन्हासारखे दिशांचे बटण, म्हणजे डी-पॅड, निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी 1982 मध्ये हातात मावणाऱ्या गेमयंत्रासाठी आणले. पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात बसवलेली चार बटणे आणि वरच्या कडेची डावी-उजवी बटणे 1990 च्या सुपर फॅमिकॉमवर आली. अंगठ्याने फिरवायची अ‍ॅनालॉग स्टिक 1996 च्या निन्टेन्डो 64 ने रुळवली. दोन स्टिक आणि कंपन यांची जोड सोनीने 1997 मध्ये ड्युअलशॉकमध्ये घातली. 2005 मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स 360 चा पॅड आला, तो विंडोजवरही चालू लागला आणि संगणकाच्या बाबतीत मांडणीचा प्रश्न मिटला. तेव्हापासून बहुतेक गेम पडद्यावर त्याच्याच ए, बी, एक्स, वाय या खुणा दाखवतात. निन्टेन्डोच्या पॅडवर ए-बी आणि एक्स-वाय या जोड्यांच्या जागा नेमक्या उलट असतात, तर सोनीच्या पॅडवर अक्षरांऐवजी आकृत्या असतात. पहिल्यांदाच पॅड घेणाऱ्याने एक्सबॉक्सच्या मांडणीचा घ्यावा, म्हणजे पडद्यावरची खूण आणि अंगठ्याखालचे बटण यांचा मेळ लावत बसावे लागत नाही.

पॅड घ्यावा की नाही, हे आधी खेळ ठरवतो. कीबोर्डची कळ दाबलेली असते किंवा नसते, अधलेमधले तिला काही कळत नाही. स्टिक मात्र प्रत्येक अक्षावर उणे 32,768 ते अधिक 32,767 एवढ्या पायऱ्यांत आपली जागा सांगते आणि मागचा ट्रिगर, म्हणजे तर्जनीने दाबायचा खटका, 0 ते 255 मध्ये. घोडबंदर रोडच्या गर्दीत कुणीही एकतर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर नाहीतर पूर्ण ब्रेक अशी गाडी चालवत नाही; पाय थोडा दाबायचा, थोडा सोडायचा असतो. म्हणून मोटारींच्या शर्यती, फुटबॉल, क्रिकेट, उड्यामारीचे आणि मारामारीचे गेम पॅडवर खुलतात. बंदुकीने नेम धरायच्या स्पर्धात्मक गेममध्ये माउसच सरस. ‘व्हॅलोरंट’ तर संगणकावर पॅड चालूच देत नाही. घरात तेवढाच एक गेम खेळला जात असेल, तर पॅडचे पैसे चांगल्या माउसला लावावेत.

संगणक पॅडशी दोन भाषांत बोलतो, आणि घरी आणलेला पॅड ‘चालत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते. डायरेक्टइनपुट ही जुनी पद्धत, एक्सइनपुट ही 2005 नंतरची. नवे गेम एक्सइनपुट गृहीत धरतात. फक्त डायरेक्टइनपुट बोलणारा स्वस्तातला पॅड लावला की गेमला तो दिसतच नाही, किंवा बटणे उलटसुलट लागतात. उलट बाजूही आहे. ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट 07’ (2006) भारतात अजूनही खेळला जातो. त्या काळातल्या आणि त्याआधीच्या अनेक गेमना एक्सइनपुट ठाऊक नाही. असा गेम एक्सबॉक्सचा पॅड डायरेक्टइनपुटमधून पाहतो तेव्हा दोन्ही ट्रिगर त्याला एकाच अक्षावर दिसतात; दोन्ही एकदम दाबले तर एक दुसऱ्याला खोडून काढतो आणि गाडी ना पळते ना थांबते. म्हणून दोन्ही पद्धतींत फिरवता येणारा पॅड घरासाठी सोयीचा. तो कसा फिरवायचा (बहुधा मधले होम किंवा मोडचे बटण काही सेकंद दाबून) हे सोबतच्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद खोक्याबरोबर टाकून देऊ नये. स्टीम या संगणकाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातून गेम सुरू केल्यास स्टीम इनपुट ही सोय मधल्या दुभाष्याचे काम करते. सोनी आणि निन्टेन्डोचे पॅडही तिच्यामुळे वापरता येतात.

किमतीचा खरा कस लागतो तो स्टिकवर. नेहमीच्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनच्या पातळ पट्टीवरून धातूची बारीक जीभ घासत फिरते आणि रोधावरून स्टिकची जागा कळते. घासणे आले म्हणजे झिजणे आले. पट्टी झिजली किंवा तिच्यावर धूळ बसली की अंगठा काढल्यावरही स्टिक शून्यावर येत नाही आणि गेममधला माणूस आपोआप एका बाजूला चालू लागतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये जागा चुंबकाच्या क्षेत्रावरून कळते; चुंबक आणि संवेदक एकमेकांना शिवतच नाहीत. एडविन हॉल यांना हा परिणाम 1879 मध्ये सापडला आणि सेगाच्या ड्रीमकास्टच्या (1998) पॅडमध्ये तो वापरलाही गेला होता. तरी पुढची अनेक वर्षे बाजार पोटेन्शिओमीटरवरच चालला. सोनीचा साधा ड्युअलसेन्स आणि एक्सबॉक्सचा साधा वायरलेस पॅड यांत अजूनही घासणारीच स्टिक असते. त्यांच्यापेक्षा कितीतरी स्वस्त असलेल्या गेमसर किंवा एटबिटडूच्या काही पॅडमध्ये मात्र हॉल स्टिक मिळते. टीएमआर ही त्याच जातीची नवी चुंबकीय पद्धत. ती वीज कमी खाते, त्यामुळे बॅटरीवरच्या पॅडला ती मानवते. एक गोष्ट लक्षात ठेवावी. हॉल स्टिकचा संवेदक झिजत नसला, तरी स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग सैल होऊ शकते. पण दोन पॅडमध्ये बाकी सगळे सारखे असेल, तर हॉल किंवा टीएमआर लिहिलेलाच उचलावा, यात दुमत असू नये.

ड्रिफ्ट लपवताही येतो. मध्याभोवतीच्या काही हालचालीकडे गेम मुद्दाम दुर्लक्ष करतो. या भागाला डेडझोन म्हणतात. मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुटसाठी सुचवलेला डाव्या स्टिकचा डेडझोन 7,849 आहे, म्हणजे एका बाजूच्या पूर्ण फिरतीच्या जवळजवळ चोवीस टक्के. त्यामुळे थोडा बिघडलेला पॅडही एका गेममध्ये ठणठणीत आणि दुसऱ्यात वेडावाकडा वागतो. जुना पॅड विकत घेताना विकणाऱ्याने गेम लावून दाखवला तरी समाधान मानू नये.

तपासायची रीत सोपी आहे. विंडोजवर विंडोजची कळ आणि आर दाबून ‘जॉय डॉट सीपीएल’ लिहिले (इंग्रजी अक्षरांत, टिंब देऊन) की पॅडची यादी उघडते. पॅड निवडून त्याचे गुणधर्म उघडावेत. एक चौकोन दिसतो, त्यात छोटे अधिकचे चिन्ह. स्टिक कडेपर्यंत नेऊन गोल फिरवावी. चिन्हाने अडखळू नये, उडी मारू नये. मग अंगठा झटकन उचलावा. चिन्ह मध्यावर येऊन थांबले पाहिजे. हेच चारही दिशांना, प्रत्येकी चार-पाच वेळा करावे. दरवेळी ते जर वेगळ्या ठिकाणी थांबत असेल, किंवा कोणी हात न लावताही कोळ्यासारखे सरकत असेल, तर पॅड परत ठेवावा. ट्रिगर अगदी हळू दाबावेत. पडद्यावरची पट्टी सावकाश सरकत गेली तर ट्रिगर खरा अ‍ॅनालॉग. एकदम टोकाला उडाली तर ते नुसते बटण आहे आणि शर्यतीच्या गेममध्ये त्याचा उपयोग नाही. संगणकाच्या दुकानात एखादा चालू संगणक असतोच. ‘काका, दोन मिनिटं लावून बघू का?’ एवढे विचारायला संकोच करू नये.

वायर की वायरलेस, हा प्रश्न ठाणे-नवी मुंबईत इमारतीपासून सुरू होतो. घोडबंदर पट्ट्यातल्या किंवा खारघरच्या टॉवरमध्ये मोबाइल काढून वायफायची यादी पाहिली, तर वरच्या-खालच्या-शेजारच्या घरांची नावे संपता संपत नाहीत. त्यांतली बरीच 2.4 गिगाहर्ट्झवर असतात. पॅडचा डोंगल (संगणकाच्या पोर्टमध्ये खोचायचा छोटा रिसीव्हर) आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात बोलतात. शिवाय यूएसबी 3 च्या पोर्टमधून आणि केबलमधून याच पट्ट्यात गोंगाट निघतो. डोंगल कॅबिनेटच्या मागे, हार्ड डिस्कच्या वायरीशेजारी खोचला आणि पॅड मध्येच तुटू लागला, तर पॅडला दोष देण्याआधी डोंगल पुढच्या पोर्टमध्ये किंवा हातभर एक्स्टेन्शन वायरवर टेबलावर आणावा. पुष्कळदा एवढ्यानेच भागते. टेबलाशी बसून खेळणाऱ्याने मात्र सरळ वायरचा पॅड घ्यावा. स्वस्त पडतो, चार्ज करावा लागत नाही. वायरलेसची खरी गरज संगणक हॉलमधल्या टीव्हीला जोडून सोफ्यावरून खेळणाऱ्या घरांना. ड्युअलसेन्समध्ये आणखी एक मेख आहे. ट्रिगरचा बदलता अडथळा आणि सूक्ष्म कंपन यांसाठी तो पॅड प्रसिद्ध, पण संगणकावर त्या दोन्हींची मजा पुरती घ्यायची तर गेममध्ये सोय असावी लागते आणि सहसा पॅड वायरने जोडावा लागतो.

खोक्यावर ठळक छापलेल्या 1,000 हर्ट्झला फार भुलू नये. 125 हर्ट्झचा पॅड दर 8 मिलिसेकंदांनी संगणकाला आपली स्थिती कळवतो, 1,000 हर्ट्झचा दर 1 मिलिसेकंदाला. 60 हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्रच सुमारे 16.7 मिलिसेकंद टिकते. मारामारीचे गेम जिद्दीने खेळणाऱ्याला हा फरक मोलाचा; शनिवारी भावाबरोबर फुटबॉल खेळणाऱ्याला चांगली स्टिक जास्त उपयोगी.

हाताचे माप ही गोष्ट ऑनलाइन खरेदीत हमखास सुटते. मोठ्या कंपन्यांचे पॅड 280 ग्रॅमच्या आसपास भरतात आणि मोठ्या माणसाच्या पंजासाठी घडवलेले असतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात दिला की त्याची तर्जनी ट्रिगरपर्यंत पुरत नाही, मग तो पकड सोडून, पॅड मांडीवर टेकवून खेळतो आणि थोड्या वेळात मनगट दुखते म्हणतो. पॅड त्याच्यासाठी असेल तर त्याला बरोबर नेऊनच घ्यावा. ठाण्यात स्टेशन परिसर आणि नौपाड्यातली, नवी मुंबईत वाशीच्या सेक्टर 17 मधली दुकाने यासाठी बरी. ऐरोली-रबाळ्याची मुले ट्रान्स-हार्बर लोकलने दोन्हीकडे सहज पोहोचतात. निवड मोठी हवी असेल तर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला पर्याय नाही; ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे. आणखी एक मार्ग कमी लोकांना सुचतो. गेमिंग कॅफेत तासाचे पैसे भरून तिथला पॅड हाताळावा. तासाभरात तळव्याला जे कळते ते शंभर अभिप्राय वाचूनही कळत नाही.

रेडगिअर, कॉस्मिक बाइट, अ‍ॅमकेटचा इव्होफॉक्स, अँट ईस्पोर्ट्स ही नावे हजार ते अडीच-तीन हजारांच्या पट्ट्यात भेटतात. सोनी आणि मायक्रोसॉफ्टचे पाच-सहा हजारांच्या घरात. संगणकासाठी पहिला पॅड दोन ते तीन हजारांत, हॉल स्टिकचा, शक्यतो वायर आणि डोंगल दोन्हींवर चालणारा घ्यावा. याहून स्वस्तात स्टिकवर तडजोड होते, याहून महागात बहुतेकदा अशा गोष्टींचे पैसे जातात ज्या संगणकावर निम्म्या वापरल्याच जात नाहीत. बिल पक्के घ्यावे, त्यावर तारीख असावी. ड्रिफ्ट पहिल्या दिवशी सहसा दिसत नाही, वॉरंटीचा उपयोग पुढे होतो. ज्यांना हाताच्या किंवा बोटांच्या मर्यादेमुळे साधा पॅड पेलत नाही, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. दोन मोठी बटणे आणि बाहेरून हवी ती कळ जोडायच्या खाचा, अशी त्याची रचना आहे.

छोट्या घरात आवाजाचाही विचार करावा. एका खोलीत आजी झोपलेली आणि शेजारी नातू खेळतोय, अशा वेळी गेमचा आवाज हेडफोनमध्ये जातो, पण टकटक वाजणारी मायक्रोस्विचची बटणे आणि टेबलावर टेकवलेल्या पॅडची घरघर घरभर ऐकू येते. कंपन गेमच्या सेटिंगमधून बंद करता येते, बटणांचा आवाज नाही. अशा घरासाठी रबरी पडद्याची मऊ बटणे असलेला पॅड निवडावा.

खाडीकाठच्या हवेचे नुकसान सगळ्यांत उशिरा लक्षात येते. काही पॅडवर मखमलीसारखा मऊ रबरी लेप असतो. दुकानात तो छान वाटतो. दमट हवेत हा लेप रासायनिक रीतीने विघटित होऊ लागतो. असा पॅड दोन-तीन पावसाळे कपाटात राहिला की हातात घेताच गुळाच्या ढेपेसारखा चिकटतो, काळा थर बोटांना लागतो, आणि पुसून तो पूर्ववत होत नाही. साध्या, किंचित खरबरीत प्लास्टिकची पाठ असलेला पॅड इथल्या हवेत जास्त टिकतो. पावसाळ्यात तो झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावा. एक्सबॉक्सच्या पॅडमध्ये दोन पेन्सिल सेल लागतात. गणपतीला गावी निघताना ते काढून ठेवावेत, कारण अल्कलाइन सेल गळला की आतल्या पत्र्यावर पांढरा थर धरतो. थर धरलाच, तर कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा थेंब घेऊन पुसावे आणि पॅड पूर्ण सुकल्यावरच नवे सेल घालावेत.