अपग्रेडनंतर जुनं विंडोज उघडेना: ड्युअल बूटची पार्श्वभूमी

एकाच मशीनवर दोन विंडोज (यालाच ड्युअल बूट म्हणतात), त्यातलं एक अपग्रेड केलं आणि दुसरं, जुनं, उघडेना. तक्रार जुनीच आहे आणि बहुतेक वेळा त्या जुन्याच्या फाइल्सना काही झालेलंच नसतं, त्या जागच्या जागी असतात. बिघडतं ते दोघांमध्ये सामायिक असलेलं, म्हणजे बूटच्या (मशीन चालू करणाऱ्या) फाइल्स, ड्राइव्हचा फॉरमॅट, डिस्कची मांडणी वगैरे. नवीन येतं, तिथे आपल्या सोयीने बदल करतं, आणि जुन्याला ते समजायचा काही मार्गच नसतो, कारण ते लिहिलं तेव्हा नवीन कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

२००० साली विंडोज २००० आलं आणि त्याने शेजारच्या एनटी ४ या आधीच्या विंडोजचे एनटीएफएस फॉरमॅटचे ड्राइव्ह न विचारता नव्या आवृत्तीत बदलले. एनटी ४ वर सर्व्हिस पॅक ४ (सुधारणांचा संच) टाकलेला नसेल तर त्याला स्वतःचाच ड्राइव्ह वाचता येत नसे! तेव्हा घरी एनटी वापरणारे कमी, म्हणून फार ओरड झाली नाही इतकंच.

खरा गोंधळ जानेवारी २००७ पासून, व्हिस्टा आल्यावर. एक्सपीपर्यंत एनटीएलडीआर नावाचा लोडर (विंडोज सुरू करणारा प्रोग्राम) आणि कुठलं विंडोज कुठे आहे हे सांगणारी बूट डॉट आयएनआय नावाची साधी टेक्स्ट फाइल असायची, नोटपॅडमध्ये उघडा, ओळ बदला, झालं. व्हिस्टाने बूटएमजीआर हा नवा लोडर आणि बीसीडी ही त्याची नोंदवही आणली, आणि बीसीडी नोटपॅडमध्ये उघडत नाही, त्यासाठी बीसीडीएडिट ही वेगळी कमांड. पण बूट डॉट आयएनआय गेली नाही हे लोकांच्या लक्षात आलं नाही. नव्या मेन्यूत 'अर्लियर व्हर्जन ऑफ विंडोज' निवडलं की बूटएमजीआर एनटीएलडीआरला हाक मारतो आणि तो परत बूट डॉट आयएनआयच वाचतो. म्हणजे साखळीत दोन कड्या, आणि लोक व्हिस्टाची ओळ बूट डॉट आयएनआयमध्ये लिहून रात्र रात्र बसायचे, जे कधीच चालणार नव्हतं. उलट व्हिस्टा असताना मागाहून एक्सपी टाकलं तर एक्सपी आपला जुना बूट कोड लिहून मोकळं, मग व्हिस्टाच गायब. त्यावर उपाय बूटसेक्ट या कमांडचा, एनटी६० दिलं की नवा कोड, एनटी५२ दिलं की जुना. 'आधी जुनं टाका, मग नवं' हा नियम अजून सांगतात तो इथून पक्का झाला.

आता दोन शब्दांकडे येतो, कारण माझ्या मते निम्मी मशीन्स बिघाडाने नाही तर या शब्दांनी बंद पडलीत. सिस्टम पार्टिशन आणि बूट पार्टिशन (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग). कुणालाही वाटेल की बूटच्या फाइल्स असतात ते बूट पार्टिशन आणि विंडोजचा फोल्डर असतो ते सिस्टम. विंडोजमध्ये बरोब्बर उलटं आहे. मशीन चालू झाल्यावर जिथून पहिला लोडर उचलतं ते 'सिस्टम', आणि विंडोजचा फोल्डर जिथे आहे ते 'बूट'. डिस्क मॅनेजमेंटमध्ये हे असंच छापलेलं दिसतं. लिनक्सवाले मात्र बूट म्हणजे कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि लोडरची जागा समजतात, त्यामुळे लिनक्सवाल्याने विंडोजवाल्याला सांगितलं की 'बूट पार्टिशनला हात लावू नको' तर तो नेमका दुसऱ्याच पार्टिशनला हात लावतो. नाव उलटं का ठेवलं याची समर्थनं लोक देतात, मला एकही पटलं नाही. बरं, हा नुसता शब्दांचा वादही नाही. एक्सपी असलेल्या डिस्कवर व्हिस्टा किंवा ७ टाकलं की बूटएमजीआर आणि बीसीडी जातात आधीपासून ॲक्टिव्ह (मशीन जिथून सुरू होतं ते) असलेल्या, म्हणजे सहसा एक्सपीच्याच पार्टिशनवर. वर्षभराने माणूस म्हणतो एक्सपी आता नको, ते पार्टिशन फॉरमॅट करतो, आणि नवंही चालू होत नाही, स्क्रीनवर 'बूटएमजीआर इज मिसिंग'. मीही हे करून बसलोय, लेबल वाचूनसुद्धा. रिकाम्या डिस्कवर टाकलं तर विंडोज ७ बूटच्या फाइल्ससाठी १०० एमबीचं वेगळं पार्टिशन करू लागलं, पण जुन्या डिस्कवर अपग्रेड केलेल्यांना त्याचा काय उपयोग.

त्याच काळातली अजून एक गंमत, एक्सपी चालू केलं की व्हिस्टाचे रिस्टोर पॉइंट (मागच्या स्थितीत परत जायच्या खुणा) उडायचे. एक्सपीला ते ज्यात साठवलेले असतात ती शॅडो कॉपी ओळखता येत नाही, म्हणून ते पुसून टाकतं. उपाय काय, तर रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातून) व्हिस्टाचा ड्राइव्ह एक्सपीपासून लपवा.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि फास्ट स्टार्टअप आलं. शटडाउन केलं तरी कर्नल हायबरनेट होऊन, म्हणजे आहे त्या स्थितीत, फाइलमध्ये पडून राहतो, ड्राइव्ह अर्धवट उघडाच. मग शेजारचं ७ दर वेळी चेकडिस्क (ड्राइव्हची तपासणी) लावतं, लिनक्स त्यावर लिहायला नकार देतं, आणि लोक हार्डडिस्क खराब झाली म्हणून नवी आणतात. खरं तर पॉवरसीएफजी या कमांडने हायबरनेट बंद केलं की संपलं. रीस्टार्टमध्ये हा प्रकार होत नाही, म्हणून 'कधी होतं कधी नाही' असं वाटत राहतं. शिवाय ८ चा निळा बूट मेन्यू ८ अर्धं लोड झाल्यावर दिसतो, त्यात ७ निवडलं की मशीन परत रीस्टार्ट होतं. बीसीडीएडिटने बूटमेन्यूपॉलिसी लेगसी केली की जुना काळा मेन्यू परत येतो.

यूईएफआय (मशीन चालू करणारं, जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) मुळे एकमेकांचा बूट सेक्टर पुसायची भानगड संपली, विंडोजचा वेगळा, लिनक्सचा वेगळा फोल्डर. पण बायोस मोडमधलं ७ आणि यूईएफआय मोडमधलं १० एका मेन्यूतून उघडत नाहीत, फर्मवेअरमधूनच निवडावं लागतं. आणि सिक्युअर बूटने, म्हणजे फक्त सही असलेलाच लोडर चालू देणाऱ्या सोयीने, नवी डोकेदुखी दिली. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने लिनक्सचे जुने बूटलोडर बाद ठरवले. ड्युअल बूट मशीनवर हे लागू होणार नाही असं आधी सांगितलं होतं, पण बऱ्याच मशीनवर झालंच, आणि लिनक्सच्या जागी 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' दिसू लागलं. दुरुस्ती आली ती थेट मे २०२५ मध्ये, तोवर बऱ्याच जणांनी सिक्युअर बूट बंद करूनच काम भागवलं.