सायकलला मडगार्ड आणि डायनमो बसवणं

रोज कामावर जायच्या सायकलला चाकांवर चिखलपाणी अडवणारे मडगार्ड आणि टायरला टेकून फिरणाऱ्या डायनमोवर पेटणारे पुढचा-मागचा असे दोन दिवे जोडायचं काम. जुन्या काळ्या २८ इंची सायकलला मडगार्ड, स्टँड, कॅरियर आधीपासूनच असायचं, डायनमो मात्र बरेच जण दुकानातून वेगळा बसवून घ्यायचे, कारण रात्री विनादिवा दिसलात की पोलीस धरायचे आणि पुष्कळदा चाकातली हवाच सोडून द्यायचे. आताच्या हायब्रिड न् गिअरच्या सायकली उघड्याच येतात, मग जूनमधे पहिला पाऊस झाला की शर्टाच्या पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटते आणि माणूस मडगार्ड शोधायला निघतो.

ही दोन कामं वेगळी वाटतात पण खरं तर एकच आहेत, कारण मागचा दिवा बहुतेक वेळा मडगार्डवर बसतो, वायर मडगार्डच्या आतून-बाहेरून जाते आणि जुन्या पद्धतीत करंटसुद्धा मडगार्डच्या पत्र्यातूनच परत येतो. ते कसं ते पुढे येईलच.

आधी चाकाचा आउट, म्हणजे डावी-उजवीकडे डुलणं, काढून घ्या. चाक डुलत असेल तर मडगार्ड कसंही बसवा, एका बाजूला घासणारच, आणि डायनमो तर दर फेरीला एकदा सुटणार. मडगार्ड टायरपेक्षा साधारण १ सेंटिमीटर रुंद हवं, म्हणजे ३५ मिमी टायरला ४५ मिमीचं. मापात एक गंमत आहे, जुन्या सायकलची २८ इंची रिम ६३५ मिमीची आणि नव्या ७००सी सायकलची ६२२ मिमीची, आणि दोन्हींना दुकानात २८च म्हणतात. मडगार्ड एकवेळ वाकवून चालून जातं, टायर अजिबात चालत नाही.

पुढचं मडगार्ड चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) डोक्यातल्या भोकात बोल्टने बसतं, मागचं दोन नळ्यांमधल्या आडव्या पट्टीला, आणि खालच्या सळ्या एक्सलजवळच्या भोकांना (जुन्या सायकलीत थेट एक्सलच्या नटाखाली). टायर आणि मडगार्डमधे बोटभर फट सगळीकडे सारखी ठेवायची. सगळे नट आधी हातानेच लावायचे, चाक फिरवून बघायचं, मग पान्याने आवळायचं. एकेक नट पूर्ण आवळत गेलात की शेवटची सळी भोकापर्यंत पोचतच नाही आणि मग ओढाताण सुरू होते, म्हणून मडगार्ड कायम ताणात राहतं न् काही महिन्यांनी बोल्टपाशी तडकतं. वायसर विसरायचा नाही. पुढच्या मडगार्डला खाली जुन्या ट्यूबचा तुकडा फ्लॅप म्हणून लावला तर बूट आणि चेन दोन्ही वाचतात. काळ्या मातीच्या रस्त्याला मात्र हे सगळं उलटं पडतं, फट चिखलाने भरते, चाक जाम होतं आणि काडीने माती उकरत बसावं लागतं, त्यामुळे मराठवाडा-विदर्भात पावसाळ्यापुरती मडगार्ड काढून ठेवणारेही आहेत.

डायनमो म्हणतात खरं, पण खरा डायनमो डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट देतो, ह्याच्या आत फिरतं चुंबक असतं आणि करंट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा, निघतो. नेहमीचं माप ६ व्होल्ट ३ वॉट, त्यातले २.४ वॉट पुढच्या बल्बला न् ०.६ वॉट मागच्याला. हा हिशोब का महत्त्वाचा, तर पुढचा बल्ब उडाला की सगळा करंट मागच्या बिचाऱ्या बल्बवर येतो आणि तोही पाठोपाठ जातो. टायरच्या बाजूला बारीक रेघांचा पट्टा असतो, डायनमोचं चाक तिथे टेकवायचं, आणि डायनमोच्या दांडीची रेघ मनात लांबवली तर ती बरोबर एक्सलच्या मधून गेली पाहिजे. तिरका बसला की टायर खातो आणि कर्कश ओरडतो. पावसात घसरतो हा त्याचा जुना रोग, त्यावर डायनमोच्या चाकावर बसणारी रबराची टोपी मिळते. क्लँप मात्र खरोखर घट्ट पाहिजे, सैल डायनमो आऱ्यांत गेला तर पुढचं चाक जागेवर थांबतं आणि माणूस थांबत नाही.

आता ते अर्थिंग. जुन्या डायनमोला दिव्याकडे जाणारी एकच वायर, परतीची वाट म्हणजे सायकलची फ्रेम, म्हणून क्लँपमधला टोकदार स्क्रू रंग फोडून लोखंडात रुतावा लागतो. मी एकदा गंजलेलं मागचं मडगार्ड काढून छान प्लास्टिकचं लावलं आणि मागचा दिवा बंद. बल्ब बदलला, वायर बदलली, दोन संध्याकाळी गेल्या, मग डोक्यात प्रकाश पडला की प्लास्टिकमधून करंट परत येणार कसा! दिव्याच्या बोल्टापासून फ्रेमपर्यंत वीतभर वायर टाकली, लगेच पेटला. तेव्हापासून मी दोन वायरी टाकतो, अ‍ॅल्युमिनियमच्या नव्या सायकलला तर टाकाच.

चाकाच्या हबमधेच बसणारा डायनमो काही नवा नाही, इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरने तो १९३०च्या दशकातच काढला होता. तो पावसात घसरत नाही, आवाज करत नाही, पण चाक नव्याने विणावं लागतं आणि खिशाला जड जातो. जर्मनीत तर २०१३ पर्यंत बहुतेक सायकलींना डायनमोचाच दिवा सक्तीचा होता, बॅटरीवाला चालायचा नाही.

सिग्नलला थांबलं की डायनमोचा दिवा विझतो ही तक्रार जुनी आहे. आताच्या एलईडी दिव्यांत थोडी वीज साठवणारा कपॅसिटर असतो, थोडा वेळ सायकल चालवली की थांबल्यावरही काही मिनिटं दिवा मंद पेटत राहतो, निदान मागचा तरी असा घ्यावा.