लग्न नाही, मग गर्भाशयमुखाचा कॅन्सर कसा?

'लग्नच झालं नाही, तिथला कॅन्सर कसा होईल?' हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. गर्भाशयमुखाचा नेहमीचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, त्यामुळे समज पक्का झाला. योक सॅक ट्यूमर या कॅन्सरच्या दुर्मीळ गाठीला मात्र तो लागू नाही.

ही गाठ जननपेशींची, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे स्त्रीबीजं बनतात त्या पेशींची. गर्भ वाढत असताना या पेशी योक सॅकच्या (सुरुवातीच्या गर्भाला जोडलेल्या छोट्या पिशवीच्या) भिंतीतून बीजांडकोशाच्या जागेकडे सरकत जातात. वाटेत भरकटून मागे राहिलेल्या पेशींतून पुढे गाठ होते, असं मानलं जातं. योनीत किंवा गर्भाशयमुखावर ती आढळते तेव्हा रुग्ण बहुधा ३ वर्षांखालची मुलगी असते. लंगोटावर रक्ताचा डाग, बहुतेकदा एवढंच लक्षण. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात आईच्या हार्मोन्समुळे असा डाग पडू शकतो. त्यानंतरचा डॉक्टरांना दाखवायचाच. 'उष्णता झाली' म्हणून सब्जा पाजत बसायचं नाही!

निदान गाठीचा छोटा तुकडा काढून तपासून होतं. या गाठीतून स्रवणारं एएफपी हे प्रथिन रक्तात सहसा वाढलेलं असतं, पण तान्ह्या बाळात ते मुळातच जास्त असतं, हे ध्यानात ठेवावं लागतं.

गर्भाशय काढावंच लागतं, हाही जुना समज. आता सिस्प्लॅटिनसारख्या औषधांच्या केमोथेरपीने अनेक मुलींचं गर्भाशय वाचतं.