जुन्या मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

जुनी मोटार दुरुस्त करून रस्त्यावर आणण्याचे काम बहुतेक जण डेंटिंग-पेंटिंगपासून सुरू करतात आणि आरटीओच्या कागदांकडे शेवटी वळतात. हा क्रम उलटा असायला हवा. गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची, की साध्या खासगी नोंदणीवर ठेवून तिच्यात मनासारखे बदल करायचे, हे पहिला बोल्ट सैल करण्यापूर्वीच ठरवावे लागते, कारण गॅरेजमध्ये एकदा झालेले काही बदल पुढे व्हिंटेज नोंदणीची वाट कायमची बंद करतात.

व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये जुलै 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीने आली. तिच्यानुसार पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि मोठे फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी प्रवासी गाडी व्हिंटेज ठरते. आयात केलेल्या गाड्याही यात येतात. वय मोजायचे ते नोंदणीच्या तारखेपासून, उत्पादनाच्या वर्षापासून नव्हे. म्हणजे 1975 च्या अखेरीस कारखान्यातून बाहेर पडलेली, पण मार्च 1976 मध्ये नोंदली गेलेली फियाट मार्च 2026 नंतरच पात्र होते. जुने ट्रक, बस किंवा रिक्षा कितीही देखण्या असल्या तरी या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. येथे एक गल्लत नेहमी होते. ऐतिहासिक वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिवा’ 30 वर्षांपुढील गाडीला ऐतिहासिक मानतो, त्यामुळे एखाद्या रॅलीत सहज प्रवेश मिळालेली गाडी आरटीओच्या लेखी व्हिंटेज असेलच असे नाही.

खरी मेख ‘मोठे फेरबदल’ या शब्दांत आहे. चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी शेल (वरचा पत्र्याचा साचा) किंवा इंजिन यांतील बदल नियमांनी यात स्पष्टपणे धरला आहे. गंजलेला पत्रा काढून त्याच आकाराचा पत्रा बसवणे, मूळ इंजिन उघडून त्याचे बोअरिंग करणे, पिस्टन-रिंगा बदलणे, कार्ब्युरेटर नव्याने बांधणे ही दुरुस्ती झाली. मात्र अँबेसेडरमध्ये दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन टाकणे, छत कापून ती उघडी करणे किंवा मूळ बॉडी दुसऱ्या चेसिसवर चढवणे हा फेरबदल झाला. अनेक अँबेसेडर आणि फियाट गाड्यांमध्ये इंधन वाचवण्यासाठी मागच्या मालकांनी डिझेल इंजिने बसवून घेतली होती. अशी गाडी विकत घेताना बोनेट उघडून इंजिन क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. सीटचे कापड, वायरिंग, दिवे अशा बाबी या तीन भागांत मोडत नाहीत, तरीही ‘मूळ स्वरूप’ ही अट कायम असल्याने काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत आणि गाडी खोलण्याआधी प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावीत, असे माझे मत आहे. तपासणीच्या वेळी तोंडी खुलाशापेक्षा छायाचित्रांची फाइल अधिक उपयोगी पडते.

चेसिस क्रमांकाकडे विशेष लक्ष द्यावे. पडताळणीच्या वेळी कोरलेल्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासून त्याचा ठसा घेण्याची पद्धत आहे. रंगकाम करताना त्या जागेवर पुट्टी आणि प्रायमरचे थर चढले तर आकडे बुजतात, आणि ते मोकळे करण्यासाठी कोणी ग्राइंडर फिरवला तर आकड्यांची कडच उडते. खाडाखोड झाल्यासारखा दिसणारा क्रमांक संशयाला आमंत्रण देतो. म्हणून रंगाऱ्याकडे गाडी सोपवण्यापूर्वीच पेन्सिलीचा ठसा घेऊन ठेवावा, त्या जागेवर चिकटपट्टी लावावी आणि तिथे फक्त हाताने, पातळ रंग द्यायला सांगावे.

अर्ज नमुना 20 मध्ये नोंदणी प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे करायचा असतो. सोबत चालू विमा पॉलिसी, शुल्क, भारतात आधी नोंदलेल्या गाडीचे जुने आरसी आणि आयात गाडी असल्यास सीमाशुल्काचे बिल ऑफ एंट्री जोडावे लागते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून त्यानंतरच्या फेरनोंदणीसाठी 5,000 रुपये लागतात. प्राधिकाऱ्याने 60 दिवसांच्या आत नमुना 23-ए मधील नोंदणी प्रमाणपत्र द्यायचे असते आणि ते 10 वर्षे वैध राहते. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक कायम ठेवता येतो. ज्यांच्या गाडीवर तीन अक्षरांचा जुना मुंबईचा क्रमांक आहे, त्यांनी ही सवलत सोडू नये. नव्याने नोंदलेल्या गाडीला राज्याचे संकेताक्षर, त्यापुढे ‘व्हीए’, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार अंकी संख्या असा क्रमांक मिळतो. उदाहरणार्थ ‘एमएच व्हीए एए 0001’.

प्रत्यक्षात अर्ज अडतो तो मालकीवर. आजोबांच्या नावावरची गाडी नातवाच्या ताब्यात असते आणि मधल्या पिढीत हस्तांतरण झालेलेच नसते. मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणासाठी नमुना 31, सर्वसाधारण विक्रीसाठी नमुना 29 आणि 30, हरवलेल्या आरसीच्या दुय्यम प्रतीसाठी नमुना 26, परराज्यातून आणलेल्या गाडीच्या ना हरकत प्रमाणपत्रासाठी नमुना 28 आणि जुन्या कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी नमुना 35 वापरला जातो. ही कामे व्हिंटेजच्या अर्जाआधी उरकून घ्यावीत. हस्तलिखित आरसी बुकातील नोंद ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढलेली नसेल, तर आधी तिची बॅकलॉग (मागे राहिलेली) नोंद करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी मूळ पुस्तक लागते. लॅमिनेट केलेली छायाप्रत घेऊन गेल्यास हेलपाटा ठरलेला.

अर्ज करण्यापूर्वी वापराच्या मर्यादेचाही विचार करावा. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी नित्याच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे, देखभाल-दुरुस्ती आणि त्यासाठीची ये-जा एवढीच मोकळीक आहे. लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने देणे यात बसत नाही. ज्यांना गाडी दर आठवड्याला फिरवायची आहे, त्यांनी साधी खासगी नोंदणी नमुना 25 द्वारे नूतनीकरण करून चालू ठेवणे अधिक सोयीचे. 50 वर्षे झाली म्हणून व्हिंटेज नोंदणी घेतलीच पाहिजे असे बंधन नाही.

साध्या नोंदणीवरही मनमानी फेरबदलांना मुभा नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. अनधिकृत बदलासाठी कलम 182-ए मध्ये सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीएनजी किंवा मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट बसवणे शक्य आहे, परंतु त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. रंग बदलल्यासही तसेच करावे.

विम्याबाबत दोन गोष्टी. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला थर्ड पार्टी विम्याच्या, म्हणजे अपघातात इतरांच्या होणाऱ्या हानीसाठीच्या विम्याच्या, हप्त्यात 50 टक्के सवलत आहे, तेव्हा प्रमाणपत्र हाती येताच त्याची प्रत विमा कंपनीला द्यावी. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा घेताना तिची किंमत कंपनी आणि मालक परस्परसंमतीने ठरवतात; दुरुस्तीची बिले आणि मूल्यांकन अहवाल त्या वेळी हाताशी नसतील तर गाडी कवडीमोल धरली जाण्याची शक्यता असते.