आधी आवाज, मग प्रत : पुस्तकांच्या दुकानातल्या वाचनसंध्यांची पार्श्वभूमी

संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की मधलं टेबल भिंतीकडे सरकतं, घडीच्या खुर्च्या उघडल्या जातात आणि दुकानाची बैठक होते. तीस-चाळीस माणसं कपाटांना पाठ टेकून बसतात. लेखक नव्या पुस्तकातली काही पानं वाचतो, मग प्रश्नोत्तरं, मग स्वाक्षऱ्यांसाठी रांग. छोट्या, स्वतंत्र पुस्तकविक्रेत्यांकडची ही संध्याकाळ आता इतकी सवयीची झाली आहे की पुस्तकं खपवण्यासाठी कोणीतरी अलीकडे काढलेली ती युक्ती वाटते. खरं तर लेखकाने चारचौघांना वाचून दाखवणं हे छापखान्याच्या कितीतरी आधीचं आहे. एके काळी पुस्तक प्रकाशित होणं म्हणजे ते ऐकवलं जाणंच होतं.

रोममध्ये ही प्रथा सुरू करण्याचं श्रेय असिनियस पोलिओला दिलं जातं. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला हा सेनानी आणि इतिहासकार. माणसं मुद्दाम बोलावून स्वतःचं लेखन वाचून दाखवणारा तो पहिला रोमन, असं थोरल्या सेनेकाने नोंदवलं आहे. रोममधलं पहिलं सार्वजनिक ग्रंथालय उभारणारा माणूसही तोच, आणि मला हा योगायोग वाटत नाही. लेखन चार भिंतींबाहेर काढायचं तर प्रत आणि आवाज हे दोनच मार्ग होते, आणि त्याने दोन्ही मोकळे केले.

प्रती हाताने उतरवल्या जात. लेखकाचा हक्क, मानधन असं काही नव्हतं. एकदा प्रत हातातून सुटली की तिच्यावर लेखकाची सत्ता संपली. म्हणून सोडण्याआधी ओळखीच्या, जाणत्या माणसांना ती ऐकवायची, कुठे अडखळतं ते बघायचं, दुरुस्त करायचं. धाकटा प्लिनी हा रोमन लेखक आपल्या पत्रांत हे कारण स्पष्ट सांगतो : आपण वाचतो ते वाहवा मिळवण्यासाठी नाही, सुधारण्यासाठी.

याच प्लिनीची दोन पत्रं कार्यक्रम भरवणाऱ्या प्रत्येकाने वाचावीत अशी आहेत. एकात तो लिहितो की या वर्षी कवींचं भरघोस पीक आलं आहे, सबंध एप्रिलमध्ये कोणाचं ना कोणाचं वाचन नाही असा दिवस क्वचितच गेला. पण मंडळी बाहेरच गप्पा मारत बसतात, अधूनमधून चौकशी करतात : लेखक आला का, प्रस्तावना झाली का, ग्रंथाची गुंडाळी संपत आली का? मग सावकाश आत शिरतात आणि शेवट व्हायच्या आधी उठून जातात. दुसरं पत्र चरित्रकार सुटोनियसला आहे. आपण कविता वाईट वाचतो असं प्लिनीच्या कानावर आलेलं असतं. आपल्या पदरच्या माणसाकडून ती वाचून घ्यावी असं तो ठरवतो आणि मग त्याला प्रश्न पडतो की तोवर आपण करायचं काय. दुसऱ्याचंच काही चाललं आहे असं गप्प बसायचं, की ओठांनी, डोळ्यांनी, हाताने त्याला साथ द्यायची? लिहिणाऱ्याला वाचता येतंच असं नाही, ही अडचण एकोणीसशे वर्षं जुनी आहे.

पुस्तकांची दुकानंही त्या रोममध्ये होती. पुस्तक उसनं मागणाऱ्या एका परिचिताला मार्शल हा कवी सांगतो की सीझरच्या चौकासमोर अमुक दुकान आहे, त्याच्या दाराच्या खांबांवर वरपासून खालपर्यंत कवींची नावं लिहिलेली आहेत, तिथे माझं पुस्तक मिळेल. दुसऱ्या शतकातल्या ऑलस जेलियसने तर ग्रंथविक्रेत्यांच्या गल्लीतला एक प्रसंगच लिहून ठेवला आहे. सॅलस्ट हा इतिहासकार काय तो मलाच कळतो, अशी बढाई मारणाऱ्या माणसाला एका विद्वानाने सगळ्यांदेखत एका शब्दप्रयोगाचा अर्थ विचारला आणि गृहस्थांना काढता पाय घ्यावा लागला. म्हणजे दुकानात पुस्तकांवरून बोलणं, वाद घालणं चाले. ठरवून केलेलं वाचन मात्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यात किंवा भाड्याच्या दालनात होई. आवाजाची जागा एक आणि प्रतीची दुसरी, ही वाटणी पुढेही फार काळ टिकली.

संस्कृत परंपरेतही कवीला श्रोता हवाच होता. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कवीची दिनचर्या आखून दिली आहे. त्यात जेवणानंतरचा वेळ काव्यगोष्ठीसाठी राखलेला आहे. सकाळी लिहिलेलं तपासायला बसायचं ते त्यानंतर. ऐकवणं हा लिहिण्याचाच एक टप्पा मानलेला इथेही दिसतो.

छपाईने हे गणित बदललं. शेकडो सारख्या प्रती एकदम तयार होऊ लागल्या, तेव्हा प्रकाशनासाठी आवाजाची गरज उरली नाही. दुकान मात्र भेटण्याची जागा म्हणून राहिलं. 16 मे 1763 रोजी लेखक डॉ. जॉन्सन आणि त्याचा भावी चरित्रकार बॉस्वेल यांची पहिली भेट लंडनमध्ये टॉम डेव्हिस या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानामागच्या खोलीत चहा घेताना झाली. इंग्रजीतल्या सर्वांत गाजलेल्या चरित्राची सुरुवात अशी एका दुकानात झाली, पण ती गप्पांची भेट होती. लेखक तिथे वाचायला येत नसत.

वाचन परत आलं ते थेट मोठ्या सभागृहांत आणि तिकीट लावून. चार्ल्स डिकन्सने डिसेंबर 1853 मध्ये बर्मिंगहॅमला आपली नाताळची गोष्ट एका शिक्षणसंस्थेच्या मदतीसाठी वाचली. त्यातलं एक वाचन खास कामगारांसाठी, कमी दरात असावं असा त्याचाच आग्रह होता. 1858 पासून तो स्वतःच्या कमाईसाठी वाचू लागला. 1867-68 च्या अमेरिकेच्या दौऱ्यात त्याने 76 वाचनं केली आणि तिकिटांसाठी लोक रात्रभर थंडीत रांगा लावून उभे राहिले. वाचनाचं मेज त्याने स्वतःच्या सोयीने घडवून घेतलं होतं. वाचायच्या प्रती वेगळ्या होत्या : परिच्छेद कापलेले, समासात आवाज आणि हावभावांच्या सूचना लिहिलेल्या. एका खुनाच्या प्रसंगाचं वाचन त्याच्या नाडीचे ठोके वाढवी, डॉक्टर काळजीत पडत. मार्च 1870 मध्ये त्याने शेवटचं वाचन केलं आणि जूनमध्ये तो गेला. हे सगळं थोर आहे, पण ते नाट्य होतं. हजारोंच्या सभागृहात मागच्या रांगेतल्या माणसाला लेखक बोटाएवढा दिसतो, त्याला प्रश्न विचारता येत नाही. पुस्तकांच्या दुकानातली संध्याकाळ या वाटेने आलेली नाही.

ती आली पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे, दोन-तीन शहरांत आणि जवळजवळ एकाच वेळी. जानेवारी 1913 मध्ये लंडनच्या ब्लूम्सबरी भागात हॅरॉल्ड मोनरो या कवीने फक्त कवितेचं दुकान उघडलं. छापलेली कविता ही संगीताच्या स्वरलिपीसारखी असते, ती आवाजात उतरल्याशिवाय पुरी होत नाही, या त्याच्या श्रद्धेवर ते दुकान उभं होतं. आठवड्यातल्या ठरावीक संध्याकाळी तिथे वाचनं होत. वर राहायला खोल्या होत्या. तिथे रॉबर्ट फ्रॉस्ट राहिला, पुढे विल्फ्रेड ओवेनही. दुकानाने नफा कधी पाहिला नाही. मोनरो स्वतःचा पैसा घालत राहिला, 1932 मध्ये वारला आणि 1935 मध्ये दुकान बंद झालं. व्यापार म्हणून हे अपयशच, पण विकणारा, छापणारा आणि ऐकवणारा एकाच छपराखाली आणला तो त्याने.

म्युनिकमध्ये हान्स गोल्ट्सचं पुस्तकांचं दुकान आणि कलादालन होतं. तिथे 10 नोव्हेंबर 1916 रोजी फ्रान्झ काफ्काने आपली एक अप्रकाशित कथा वाचली. प्रागबाहेर त्याने केलेलं हे एकमेव जाहीर वाचन. वर्तमानपत्रांना ते रुचलं नाही आणि काफ्कालाही तो आपला मोठा पराभव वाटला. पुस्तक छापून यायला पुढे तीन वर्षं गेली. त्या संध्याकाळच्या श्रोत्यांनी मात्र ते आधीच ऐकलं होतं, रोममधल्या पाहुण्यांसारखं.

पॅरिसमध्ये जे घडलं त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आजच्या वाचनसंध्येचा साचा तिथे तयार झाला असं मला वाटतं. आद्रिएन मोनिएच्या वडिलांना रेल्वे अपघातात इजा झाली, तिची भरपाई मिळाली, ती त्यांनी लेकीला दिली. त्या पैशांतून तिने नोव्हेंबर 1915 मध्ये, तेविसाव्या वर्षी, ओदेऑं रस्त्यावर पुस्तकांचं दुकान काढलं. पुस्तकं विकत मिळत आणि वर्गणी भरून घरीही नेता येत. विकत घेण्याआधी वाचायला मिळालं पाहिजे, असं तिचं म्हणणं. त्याच विचाराने तिने ऐकण्याच्या बैठका सुरू केल्या. पोल व्हालेरी, आंद्रे जीद, पोल क्लोदेल असे लेखक तिथे येत. पुढे तिची मैत्रीण सिल्विया बीच हिने 1919 मध्ये ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ हे इंग्रजी पुस्तकांचं दुकान काढलं आणि 1921 मध्ये ते मोनिएच्या दुकानासमोरच आणलं.

7 डिसेंबर 1921 च्या रात्री मोनिएच्या दुकानात व्हालेरी लार्बो या फ्रेंच लेखकाने जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’वर व्याख्यान दिलं. कादंबरीतले उतारे फ्रेंच अनुवादात आणि मूळ इंग्रजीत वाचले गेले. माणसं दाटीवाटीने उभी होती. जॉइस स्वतः पडद्याआड बसला होता, त्याला ओढून पुढे आणावं लागलं. पुस्तक तेव्हा छापून झालेलंच नव्हतं. ते 2 फेब्रुवारी 1922 ला आलं, आणि प्रकाशक होती समोरच्या दुकानातली सिल्विया बीच. छापखान्याचा खर्च आगाऊ नोंदणीतून निघणार होता, त्यामुळे या रात्रीचं महत्त्व नुसतं वाङ्मयीन नव्हतं. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतले प्रकाशक खटल्यांच्या भीतीने मागे हटले होते. दोन दुकानदार स्त्रियांनी आधी त्या पुस्तकाला कान मिळवून दिले, मग कागद.

बीचच्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मंदीत अमेरिकी गिऱ्हाईक मायदेशी परतलं आणि 1930 च्या दशकाच्या मध्यावर दुकान बंद करायची पाळी आली. तेव्हा जीदच्या पुढाकाराने लेखकांनी मित्रमंडळ काढलं. वार्षिक वर्गणी भरायची आणि बदल्यात दुकानातल्या खास वाचनांना यायचं. सभासद दोनशेच घ्यायचे ठरले, कारण त्याहून जास्त माणसं आत मावत नव्हती. टी. एस. एलियट लंडनहून येऊन वाचून गेला. हेमिंग्वे चारचौघांत वाचायला तयार नसे, पण 1937 मध्ये त्यानेही स्टीफन स्पेंडरबरोबर वाचलं. आज अडचणीतली दुकानं सभासद योजना काढतात तेव्हा त्यामागे हा धडा असतो. वाचनाने दुकान तगलं. 1941 मध्ये ते बंद पडलं ते जर्मन ताब्यामुळे. त्याच नावाचं आजचं पॅरिसमधलं दुकान वेगळं. जॉर्ज व्हिटमनने ते 1951 मध्ये दुसऱ्या नावाने सुरू केलं आणि 1964 मध्ये बीचच्या स्मरणार्थ हे नाव घेतलं.

आवाजाकडून प्रतीकडे जाण्याचं सर्वांत लखलखीत उदाहरण मात्र सॅन फ्रान्सिस्कोचं. 7 ऑक्टोबर 1955 ला मोटारदुरुस्तीच्या जुन्या गॅरेजात थाटलेल्या एका कलादालनात ॲलन गिन्सबर्गने ‘हाउल’ ही आपली कविता पहिल्यांदा लोकांसमोर वाचली. श्रोत्यांत लॉरेन्स फर्लिंगेटी होता. 1953 मध्ये सुरू झालेल्या ‘सिटी लाइट्स’ या दुकानाचा मालक, आणि नुकताच प्रकाशकही झालेला. त्याने लगेच हस्तलिखित मागितलं आणि पुढच्याच वर्षी पुस्तक काढलं. 1957 मध्ये ते विकल्याबद्दल दुकानातल्या माणसाला अटक झाली, फर्लिंगेटीवर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष ठरवलं. ऐकताना ज्याला पटलं, तोच पुढे कोर्टात उभा राहिला.

दुकानातलं वाचन अपवाद न राहता दर आठवड्याचा क्रम कधी झालं? बऱ्याच अंशी 1980 नंतर. सिएटलच्या ‘इलियट बे’ दुकानाने 1984 मध्ये नियमित वाचनमालिका सुरू केली. न्यूयॉर्क-लंडनबाहेरच्या वाचकालाही लेखक भेटू शकतो, हे अशा दुकानांमुळे प्रकाशकांना दिसलं. पडद्यामागचं एक कारण हिशेबातलं आहे. 1930 च्या मंदीत अमेरिकी प्रकाशकांनी न खपलेल्या प्रती परत घ्यायची सवलत दिली, ती कायमची राहिली. म्हणून छोटं दुकान एका संध्याकाळसाठी शंभर प्रती मागवू शकतं आणि उरलेल्या परत धाडू शकतं. ही सोय नसती तर दुकानदाराने कितीही प्रेमाने खुर्च्या मांडल्या असत्या तरी मागे उरलेला साठाच त्याला घेऊन बुडाला असता.

मग साखळी दुकानं आली आणि 1995 मध्ये ॲमेझॉन. ब्रिटनमध्ये 1900 पासून चालत आलेला, पुस्तकं ठरावीक किमतीलाच विकायचा करार 1990 च्या दशकात मोडला. फ्रान्सने उलट 1981 च्या कायद्याने पाच टक्क्यांहून जास्त सवलत द्यायला मनाई केली. सवलतीच्या लढाईत छोटं दुकान टिकणार नाही हे उघड होतं. साखळी दुकानांनीही वाचनं भरवली, कॉफी दिली, गर्दी जमवली. पण तिथे कोण वाचणार हे बहुधा दूरच्या कार्यालयात ठरे. स्वतंत्र दुकानात ते पुस्तक वाचलेला माणूस ठरवतो. तो उठून लेखकाची ओळख करून देतो तेव्हा त्याच्या शब्दाला वजन असतं, कारण उद्याही तो त्याच गल्ल्यावर भेटणार असतो.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, आणि मला तो टोचतो. जर्मन भाषिक देशांत वाचनाला तिकीट असतं आणि लेखकाला मानधन मिळतं. तिथल्या अनेक लेखकांचं घर त्यावर चालतं. इंग्रजी जगात दुकानातलं वाचन पुस्तकाची जाहिरात समजलं जातं आणि लेखक बहुतेक वेळा फुकट वाचतो. 2020 मध्ये महासाथीने दारं बंद झाली, वाचनं पडद्यावर गेली, दूरदूरचे श्रोते जोडले गेले आणि प्रश्न अधिकच उघडा पडला, कारण ऐकणारे वाढले तरी प्रती त्या प्रमाणात खपेनात. काही दुकानांनी आता तिकिटाच्या किमतीतच पुस्तकाची प्रत धरायला सुरुवात केली आहे. श्रोता आत येतानाच प्रत हातात घेतो आणि मग आवाज ऐकायला बसतो.